हाताखाली

आकुर्डीहून सुटणारी कंपनीची बस कुरुळीच्या फाट्यावर वळली की मिनल साबळे मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून ठेवायची. पुढच्या खड्ड्यांत डब्यातली आमटी झाकण सोडते, हा अनुभव तिला एकदा आला होता आणि तेवढाच पुरला होता.

त्या सोमवारीही तिनं पिशवी सांभाळली, गेटवर अंगठा लावला आणि एचआरच्या खोलीत येऊन संगणक सुरू केला. खोलीला एक मोठी काच होती आणि काचेपलीकडे प्रेस लाईन. गाड्यांच्या दारांचे पत्र्याचे भाग तिथं तयार होत. पत्रा आत सरकवायचा, हात काढायचा, वरून प्रेस येतो, पत्र्याला आकार देतो आणि वर जातो. दिवसभर एवढंच. ठोका पडला की काच थरथरायची आणि मिनलच्या चहावर वर्तुळं उठायची.

ती काचेकडे पाठ करून बसायची. तिचे वडील, साहेबराव, भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये असाच प्रेस चालवत. त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं कमी होती. लहानपणी ती त्याच हाताला धरून शाळेत गेली होती, त्यामुळे प्रेस काय करतो हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

या कंपनीत मात्र सुरुवातीपासून एकाचंही बोट गेलं नव्हतं. गेटवरच्या फलकावर ते मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. प्रेस जुने, सेन्सर लहरी, ओव्हरटाइमनं माणसं दमलेली, आणि तरीही कुणाला साधं खरचटलेलं नाही. मिनलनं ही नोकरी धरली ती तो फलक वाचूनच.

"शुक्रवारी कस्टमरचं ऑडिट आहे," एचआरच्या प्रमुख तेजस्विनी मॅडम म्हणाल्या. "भिंतीवर लावायला ऑर्ग चार्ट हवाय. कोण कुणाला जबाबदार, ते एका नजरेत कळलं पाहिजे. करशील ना?"

"करते मॅडम."

ऑर्ग चार्ट म्हणजे काही अवघड गोष्ट नाही. झाड उलटं टांगल्याची कल्पना करा. मूळ वर, फांद्या खाली. वर मालकाची चौकट, तिच्याखाली मोठे साहेब, त्यांच्याखाली सुपरवायझर आणि सगळ्यांत खाली मशीनवरची माणसं. हे चित्र हातानं काढावं लागत नाही. एचआरच्या सॉफ्टवेअरमधून सगळ्यांची माहिती एक्सेलमध्ये उतरवून घ्यायची. एका ओळीत एक माणूस: त्याचा नंबर, नाव, विभाग, आणि तो ज्याच्या हाताखाली काम करतो त्याचा नंबर. त्या शेवटच्या रकान्यावरून संगणक स्वतःच रेघा ओढतो.

हा रकाना मिनलच्याच शब्दांत होता. सॉफ्टवेअर नवं आलं तेव्हा सगळ्यांकडून फॉर्म भरून घेतले होते. त्यावर आधी 'वरिष्ठ अधिकारी' असं छापलेलं होतं. लाईनवरची माणसं तिथं अडून बसायची. मग मिनलनं सोपं केलं: 'तुम्ही कोणाच्या हाताखाली काम करता?' फॉर्म पटापट भरून आले. तिला त्याचं कौतुकही वाटलं होतं.

तिनं माहिती उतरवली आणि चित्र काढायला सांगितलं. पडद्यावर झाड उमटलं, पण त्याला मुळं दोन होती.

एका मुळाशी मालक, दौलतराव. दुसऱ्या चौकटीत नुसतं शून्य, आणि त्या शून्याखाली सबंध प्रेस लाईन लोंबत होती. लाईनचा सुपरवायझर कुलदीपसुद्धा.

मिनल घाबरली नाही. एक्सेलची खोड तिला ठाऊक होती. आकड्याआधीची शून्यं ते गिळून टाकतं, बाराच्या आधी दोन शून्यं असली तरी नुसते बारा दाखवतं. तिनं तो रकाना मजकूर म्हणून पुन्हा उतरवला. आता चौकटीत पूर्ण नंबर आला, ००००, आणि त्याखाली नाव.

मामा.

तिला हसू आलं. चाकणपासून भोसरीपर्यंत कुठल्याही कंपनीत जा, वयानं मोठ्या माणसाचं नाव माहीत नसलं की तो मामा. माणसांनी फॉर्मवर तेच लिहिलं असणार आणि माहिती भरणाऱ्यानं त्याचा एक नंबर करून टाकला असणार. हा मामा कोण, तेवढं विचारलं की काम संपलं.

चहाच्या सुट्टीत तिनं कोंडीरामला गाठलं. तो कुरुळीचाच, लाईनवरचा सगळ्यांत जुना माणूस. शेजारी रविराज बसला होता, नुकताच कायम झालेला तरुण ऑपरेटर.

"कोंडीराममामा, फॉर्मवर तुम्ही मामा लिहिलंय. कोणते मामा?"

"मामाच की."

"अहो, मी तुम्हालाही मामाच म्हणते."

"आमी नावाचे मामा. त्ये खरे."

"मॅडम, यांना घरी कोण विचारत नाही," रविराज म्हणाला, "म्हणून इथं मामा म्हणवून घेतात."

"गप ए. मागल्या म्हयन्यात तुझा हात ऱ्हायला, त्यो कुणामुळं?"

रविराजनं कप खाली ठेवला. "पत्रा तिरका बसला होता," तो मिनलला म्हणाला. "मी आत हात घातला. मामा म्हणाले, हात काढ. काढला. मग प्रेस आला."

"दिसायला कसे आहेत?"

असा प्रश्न दोघांना कधी पडलाच नव्हता, असं वाटलं.

"मागनं येत्यात," कोंडीराम म्हणाला. "मनगटावर हात ठिवत्यात. गार असतोय."

"वळून नाही बघितलं कधी?"

"मागं कशापायी बघायचं, ताई? म्होरं प्रेस चालू असतोय."

मिनल कुलदीपकडे गेली. तो डिप्लोमा झालेला, हिशेबी माणूस. असल्या गोष्टीला तो हसेल याची तिला खात्री होती.

"कुलदीपभाऊ, लाईन तुमचीच ना?"

"माझीच. प्रॉडक्शन मी बघतो."

"आणि माणसं?"

"माणसं मामा बघतात." त्यानं कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा कानावर ठेवली. "का? काही तक्रार आली का? ते तुमच्या एचआरचेच आहेत ना? मला वाटलं तुम्हीच पाठवलंय त्यांना."

मिनल खोलीत परत आली. ००००च्या ओळीत पगार नव्हता, आधार कार्ड नव्हतं, फोटो नव्हता. रुजू झाल्याची तारीख नव्हती. तरीही रोज सकाळी कुणीही यायच्या आधी त्या नंबरची हजेरी लागत होती. बाहेर पडल्याची नोंद मात्र एकही नव्हती.

मंगळवारी तिनं हे तेजस्विनी मॅडमना दाखवलं.

"कुणीतरी गंमत केलीय," मॅडम म्हणाल्या. "काढून टाक. सगळ्यांना कुलदीपखाली घे."

"मॅडम, पण लाईनवरची माणसं म्हणतात..."

"अगं, ऑडिटरनी विचारलं मामा कोण, तर काय सांगू? सख्खे की चुलत? एक चौकट, एक माणूस. माणूस नाही तर चौकट नाही."

म्हणणं बरोबरच होतं. मिनलनं नंबर बंद केला. दुसरं मूळ पुसलं गेलं आणि सगळी नावं शिस्तीत कुलदीपच्या चौकटीखाली जाऊन बसली. झाड कसं सरळ, नीट दिसायला लागलं. तिनं त्याची रंगीत प्रिंट काढली.

बुधवारी सकाळी चहा समोर होता आणि त्यावर वर्तुळं उठत होती, पण वेडीवाकडी. एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग लागोपाठ दोन. मिनलला कामात लक्ष लागेना. शेवटी तिनं खुर्ची फिरवली आणि पहिल्यांदाच नीट काचेपलीकडे पाहिलं.

लाईनवरचा प्रत्येक जण पत्रा आत सरकवत होता, आणि थांबत होता, आणि मान वळवून मागे बघत होता.

कोंडीराम बघत होता. पलीकडची जयमाला बघत होती. कुलदीप हातवारे करून काहीतरी ओरडत होता, आणि ओरडता ओरडता त्यानंही मागे पाहिलं.

मिनल धावत बाहेर गेली. यंत्रांच्या आवाजात तेलाचा आणि तापल्या लोखंडाचा वास कोंडला होता.

"काय झालं? मागे काय बघताय सगळे?"

"यीनात," कोंडीराम म्हणाला. "सकाळधरनं न्हाईत. आमी वाट बघतोय."

"हात कधी काढायचा ते तुमचं तुम्हाला कळत नाही का?"

"कळायचं की. कवातरी."

त्याच क्षणी रविराजनं मान वळवली.

मिनलनं पाहिलं ते एवढंच: त्याची मान मागे होती आणि हात पुढे. प्रेस खाली आला.

रविराजनं हात ओढला तेव्हा हातमोजा तिथंच राहिला होता. प्रेस वर गेल्यावर मोज्याची चारही बोटं पत्र्यावर कागदासारखी चपटी झालेली दिसली. बोटं त्यात नव्हती. मोजा एक नंबर मोठा होता, म्हणून ती वाचली.

रविराजनं मोजा उचलला, उलटा करून आत पाहिलं. मग पुन्हा मागे पाहिलं.

"लाईन बंद करा," मिनल म्हणाली.

"ऑडिटच्या तोंडावर?" कुलदीप म्हणाला. "मॅडम, माल आज जायचाय. मला अधिकार नाही."

शेजारच्या प्रेसचा ठोका पडला.

मिनल खोलीत परतली. बंद केलेले नंबर तिनं उघडले. ००००. 'पुन्हा सुरू करा' दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली: कोणाच्या हाताखाली, ते भरा.

आधी हा रकाना रिकामा होता. आता रिकामा चालेना.

तिनं कुलदीपचा नंबर टाकला. सॉफ्टवेअरनं नाकारलं, कारण जुन्या नोंदीत कुलदीप मामांच्याच हाताखालचा होता. दौलतरावांचा टाकला. त्याला त्यांची परवानगी हवी होती आणि ते विमानात होते. तेजस्विनी मॅडम जागेवर नव्हत्या.

ठोका पडला. काच थरथरली.

परवानगीशिवाय चालेल असा एकच नंबर तिच्याजवळ होता. तिनं स्वतःचा टाकला.

चहावर एक वर्तुळ उठलं, गोल, नीट. मग दुसरं. मग तिसरं. मिनलनं काचेतून पाहिलं. सगळ्यांच्या माना समोर होत्या.

गुरुवार साप्ताहिक सुट्टीचा. दुपारी साहेबराव गच्चीवर कपडे वाळत घालत होते. कमी बोटांच्या हातानं चिमटे लावायची त्यांची एक वेगळी पद्धत होती.

"पप्पा, तुमच्या वर्कशॉपमध्ये कुणी मामा होते का? सांगणारे, हात काढ म्हणून?"

"होते की." त्यांनी चादर झटकली. "चांगला माणूस. लई जपायचे आम्हाला."

"मग हे कसं झालं?"

साहेबरावांनी आपल्या हाताकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाचा असावा तसं.

"त्या दिवशी ते रजेवर होते," ते म्हणाले, आणि पुढचा चिमटा घेतला.

शुक्रवारी ऑडिट झालं. कस्टमरकडून वर्षाली नावाच्या मॅडम आल्या होत्या. हातात वही, पायात जड बूट, बोलणं मोजकं. त्या दुपारपर्यंत लाईनवर फिरल्या आणि मग ऑर्ग चार्टसमोर येऊन उभ्या राहिल्या. मिनलनं तो सकाळीच नव्यानं काढून लावला होता. तिच्या चौकटीखाली एक चौकट होती. तिच्यात तिनं 'मामा, सुरक्षा' एवढंच लिहिलं होतं.

तेजस्विनी मॅडमचा चेहरा उतरला. पण वर्षाली मॅडमनी त्या चौकटीवर बोट ठेवलं आणि त्या पहिल्यांदाच हसल्या.

"हे मला आत्ताच लाईनवर भेटले. मी प्रेसजवळ जरा जास्तच वाकले होते." त्यांनी नकळत आपलं मनगट चोळलं. "तुमच्या हाताखाली आहेत का? सांभाळा त्यांना."

कंपनी पास झाली. पेढे वाटले गेले. तेजस्विनी मॅडमनी मिनलच्या पाठीवर थाप मारली, पण चौकटीबद्दल काही विचारलं नाही.

चार वाजून गेल्यावर मिनलनं संगणक बंद करायला घेतला. कोपऱ्यात एक नवा अर्ज दिसत होता. तिच्या नावावर आजवर कधीच अर्ज आला नव्हता, कारण तिच्या हाताखाली आजवर कुणीच नव्हतं.

रजेचा अर्ज. अर्जदार: ००००, मामा.

तिनं खाली वाचलं.

शिल्लक रजा: आकडा इतका लांब होता की रकान्याबाहेर गेला होता.

कारण: थकलो.

रजा कधीपासून: उद्या.

काचेपलीकडे शिफ्ट सुटत होती. रविराज दोन्ही हातांनी केस मागे सारत कुणालातरी हाक मारत होता.

रजेच्या काळात काम कोण बघणार: मिनल साबळे.

तिनं 'नामंजूर' शोधलं. त्या जागी बटण नव्हतं. 'मंजूर' असं तिथं आधीच लिहिलेलं होतं, तिच्याच नावानं.

शेवटचा रकाना होता, पुन्हा कामावर येण्याची तारीख. तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकतच नाही. नव्या माणसांना हे तीच शिकवायची, दोन दोनदा, न कंटाळता.

अर्ज मंजूर होऊनही तो रकाना कोरा होता.