पुनूचा पहाटेचा सराव

मी हे कुणाला घाबरवायला लिहीत नाही. या पेजवरचे अनुभव बरेच दिवस वाचतोय. आमच्या घरात जे झालं ते तुम्हाला खोटं वाटलं, तरी माझी काही तक्रार नाही. मला ते फक्त एकदा सांगून टाकायचंय.

माझं नाव उदयसिंह. गाव गडमुडशिंगी, कोल्हापूरपासून जवळच. घरात मी, आई आणि धाकटी बहीण पूर्णिमा. आम्ही तिला पुनू म्हणायचो. वडील जाऊन सहा वर्षं झालेली. मी एमआयडीसीत कामाला. आई दोन म्हशी सांभाळते.

पुनू पोलीस भरतीची तयारी करत होती. पहिल्या वेळी धावण्यात थोडक्यासाठी राहिली. तेव्हापासून रोज पहाटे पाचला ती पळायला निघायची. एकही दिवस खाडा नाही.

गावातून शेतातल्या रस्त्यानं, ओढ्यावरचा पूल ओलांडून पुढे, आणि परत.

मी मोटरसायकलवर तिच्या मागं असायचो. हेडलाइटचा उजेड तिच्या वाटेवर पडायचा. फोनवर वेळही मीच लावायचो.

तारीख सांगतो. १९ डिसेंबर २०२३. मंगळवार.

त्या आठवड्यात थंडी अंगात शिरत होती. शेतावर धुकं इतकं दाट, की शेजारच्या घराचा दिवासुद्धा दिसायचा नाही. माझी सेकंड शिफ्ट होती. घरी येऊन झोपायला साडेबारा वाजलेले.

पुनूनं पाचला येऊन माझा खांदा हलवला.

"दादा, ऊठ की. पाच वाजलं."

मी वाकळ आणखी वर ओढली.

"तू हो पुढं. मी आलोच मागनं."

मी गेलो नाही. मला झोप लागली.

सहा वाजता दूधवाल्या कृष्णातनं दार वाजवलं. "पुलावर चल," एवढंच तो म्हणाला.

गळिताचा हंगाम होता. पुलावर उसाची एक ट्रॉली बंद पडून उभी होती. मागं दिवा नव्हता. ट्रॉलीला वळसा घालायला पुनू रस्त्याच्या मधे आली. समोरून आलेल्या गाडीला ती धुक्यात दिसलीच नाही. गाडी थांबलीही नाही.

माझा उजेड मागं असता, तर दिसली असती.

पोलिसांनी विचारलं, पाहुण्यांनी विचारलं, आज तू बरोबर कसा नव्हतास? मी आईच्या देखत सांगितलं, तिनं मला उठवलंच नाही.

सगळ्यांनी मान्य केलं. माणसं म्हणू लागली, पोरगी हट्टी होती. एकटी कशाला गेली?

मेलेल्या बहिणीवर मी माझी चूक ढकलली. आणि गप्प बसलो.

दिवसकार्य झालं. घर रिकामं झालं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला मला आपोआप जाग आली. मोटरसायकलला हात लावायचं धाडस होईना. तिच्या वाटेनं मी पळतच निघालो.

मला पळायची सवय नव्हती. पुलापर्यंत जाताना छाती फुटायची वेळ आली. तरी दुसऱ्या दिवशी गेलो. तिसऱ्या दिवशीही गेलो. काय मिळवायचं होतं, मला ठाऊक नाही. तिचा खाडा पडू नये, एवढंच डोक्यात होतं.

सहाव्या की सातव्या दिवसाची गोष्ट. मी पुलावरून परत फिरलो...

आणि मागं पावलं वाजली.

मी थांबलो. पावलं थांबली.

मी पळालो. पावलं पळाली.

माझ्या पायांचा आवाज जड आहे. थप थप. हा आवाज हलका होता. आणि त्याबरोबर श्वास... दोन पावलांना आत, दोन पावलांना बाहेर. हे पुनूला तिच्या भरती अकॅडमीच्या सरांनी शिकवलं होतं. वर्षभर उतारावर इंजिन बंद करून मी तिच्या मागं हाच श्वास ऐकत आलो होतो.

मागं वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

गावात शिरताना पहिल्या घरापाशी एक कुत्रं असतं. रोज माझ्या अंगावर यायचं. त्या दिवशी ते भुंकलं नाही. माझ्या डाव्या बाजूला, जिथं कुणीच नव्हतं, तिकडं बघत शेपूट हलवत राहिलं.

त्याच्या पुढं रस्त्यावरचा दिवा आहे. त्याच्या उजेडात मला माझ्या तोंडातली वाफ दिसली.

त्या वाफेशेजारी आणखी एक वाफ होती...

चार पावलांना एकदा. चार पावलांना एकदा.

मी घरात शिरलो आणि दार लावून घेतलं. पावलं उंबऱ्याबाहेर थांबली होती. परत गेल्याचा आवाज आला नाही.

आईला मी काही बोललो नाही. पण दुसऱ्या दिवसापासून रोज हेच व्हायला लागलं. जाताना मी एकटा. पुलापासून घरापर्यंत दोघं.

तुम्ही विचाराल, मग पळायचं बंद का केलं नाहीस? भीती वाटायची. रोज वाटायची. पण न गेलो तर ती पुलावर वाट बघत उभी राहील, याची जास्त वाटायची. एकदा वाट बघायला लावली होतीच.

जानेवारी अखेरची एक पहाट. मी परत आलो. आई चुलीपुढं बसली होती. चहा उकळत होता. तिनं माझ्याकडं न बघताच विचारलं,

"रोज दोघं येतासा न्हवं पळून? मग ती आत का येत न्हाय?"

मी तिथंच भिंतीला टेकून बसलो.

आई पहिल्या दिवसापासून ऐकत होती. दार लागल्यावर ती आतून कान लावून उभी राहायची. बाहेर धाप टाकल्याचा आवाज यायचा. मग हळूहळू कमी व्हायचा. कधी कधी आई दार उघडायची. अंगणात धुकं. बाकी काही नाही.

आईला वाटत होतं, पोरगी कशावरून तरी रुसली आहे. काय चुकलं तेच तिला समजत नव्हतं. पावलं ऐकली त्या दिवसापासून ती नीट जेवली नव्हती.

मग मला राहवलं नाही.

"आई, तिनं मला उठवलं हुतं. तू हो पुढं म्हटलं मी. आणि झोपलो."

चहा उतू गेला. तिनं पातेलं उतरवलं नाही.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"मी हितंच हुतो, चुलीपुढं. ती तुला आणि एकदा हलवाय निघालती. मीच नगं म्हटलं. म्हटलं, निजू दे त्याला, दमून आलाय. आजच्या दिवस जा एकटी."

मग ती रडली. पुनूला नेताना रडली नव्हती, तशी रडली. म्हणाली, तू खोटं बोललास तवा मला बरं वाटलं. माझंबी झाकलं.

दीड महिना आम्ही दोघं एकाच घरात, एकाच चुलीपुढं बसत होतो. दोघांनाही माहीत होतं. आणि दोघांनीही सगळा दोष तिच्यावर जाऊ दिला होता.

त्या सकाळी आई दार उघडून अंगणात गेली. डोक्यावरचा पदर सरळ केला आणि मोकळ्या जागेकडं बघून म्हणाली,

"पुनू, तुझी काय चूक न्हवती बाळा. आमचीच हुती."

बाहेर काही हललं नाही. मी कान देऊन ऐकत होतो. धापेचा आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाहुण्यांना बोलावून खरं काय ते सांगितलं. मोठे काका तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं बरोबर आहे.

त्यानंतर घराच्या दारात पावलं कधी आली नाहीत. आई रोज पहाटे दाराशी उभी राहायची. आठ दिवसांनी तिनं मला विचारलं, वाटेत तरी ऐकू येतंय का? मी नाही म्हटलं. तिनं देवापुढं नारळ ठेवला. सुटली म्हणाली पोरगी. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

आता ती शेजारणींना सांगते, माझी पुनू सुटली.

यंदाही थंडी पडली आहे. मी अजून पळतो. आता दम लागत नाही. एकही दिवस खाडा नाही.

आईला मी खोटं सांगितलं होतं. पावलं थांबलेली नाहीत. रोज पुलावरून मी वळलो, की ती मागं वाजतात. पण आता दहा-बारा पावलंच. मग थांबतात. मी पुढं येतो, ती तिथंच राहते. मागं धुक्यात श्वास ऐकू येत राहतो... दोन पावलांचा नाही. नुसता, उभ्या माणसाचा.

आम्ही खरं बोललो, त्यानं ती सुटली, की आमच्या दारापर्यंत यायची तिची इच्छाच संपली, मला कळत नाही. कुणाला विचारायचं, तेही कळत नाही.

आज पहाटे मी पहिल्यांदा थांबून म्हटलं, "चल की पुनू. घरला जाऊ."

श्वास थांबला.

मी दिवस उजाडेपर्यंत तिथं उभा होतो. मग कामाची वेळ झाली, म्हणून तिला पुलावर ठेवून घरी आलो.