ताईचे टीपकागद

धाकटी बहीण ताईच्या घराची किल्ली मागायला दूधवाल्या मावशीच्या दारात गेली, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. नाक सर्दीने चोंदलेलं, हातात दोन रिकाम्या पिशव्या, आणि संध्याकाळच्या बसने परत फिरायचं एवढंच डोक्यात. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या बाई गाडी घेऊन ताईचा वाळवलेल्या झाडांचा संग्रह न्यायला येणार होत्या. त्याआधी कपाट आवरून ठेवायचं, बस्स.

ताई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. शिकवून उरलेला सगळा वेळ तिने घरामागच्या कुरणाला दिला. गुलाब-बिलाब तिला वर्ज्य. जे कुणी पेरलं नाही आणि ज्याला कुणी विचारत नाही ते तिचं. चाकवत, घोळ, आंबुशी, गव्हात दडून उगवणारी रानमोहरी, बांधावर चुकून आलेला निळा जवस. झाड मुळासकट काढायचं, टीपकागदांच्या घडीत निजवायचं, दोन लाकडी फळ्यांमध्ये पट्ट्याने आवळायचं आणि कागद रोज बदलायचे. ओले तारेवर, सुके आत. एक दिवस चुकला की बुरशी धरलीच. म्हणून ताई कुणाच्या लग्नालासुद्धा कधी मुक्कामाला राहिली नाही. धाकटीच्या बाळंतपणाला तेवढी पंधरा दिवस आली, तीही फळ्या काखेत मारून.

आई गेली तेव्हा धाकटी सहा वर्षांची होती आणि ताई वीसची. वेणी घालण्यापासून शिवणाचं दुकान थाटून देण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं. हिचा पाय एका जागी ठरायचा नाही म्हणून ताई तिला भिंगरी म्हणायची. हिवाळ्यात ताई गेली. त्यानंतरचे चार महिने भिंगरीने मान वर न करता शाळेचे गणवेश शिवले. त्या घराकडे ती फिरकली नाही आणि रडलीही नाही.

मावशीने खुंटीवरची किल्ली काढून दिली. "आलीस की घटकाभर बसत जा गं. नुसती येतेस आणि जातेस."

"मी कुठे आले, मावशी? हिवाळ्यानंतर आजच येतेय."

मावशी पदराला हात पुसत होती, ती थांबली. "मग कागद कोण वाळत घालतं?"

"कसले कागद?"

"मागच्या तारेवरचे. सकाळी धार काढून येते तेव्हा असतात. चिमटे लावून, एका ओळीत. मला वाटलं, तुझ्याकडे दुसरी किल्ली असेल…"

"दुसरी किल्लीच नाही, मावशी."

मावशीने पदर पुन्हा खोचला. मग, "कॉलेजचं कुणी येत असेल," असं पुटपुटली आणि आत गेली.

आभाळ खाली उतरलं होतं. कुरणावर धुकं साचलं होतं आणि पायवाट दहा पावलांपुढे दिसत नव्हती. भिंगरीला खोकल्याची उबळ आली. ओढ्याच्या कडेला नाजूक, झिरझिरीत पानांचं एक झाड कमरेएवढं वाढलं होतं, वर पांढऱ्या फुलांच्या छत्र्या. रानातली बडीशेप. लहानपणी खोकला झाला की ताई याच पानांचा काढा पाजायची. तिने मूठभर पानं देठांसकट खुडली. चुरगळून नाकाशी नेली, पण नाकाला कसलाच वास लागत नव्हता.

घर उघडलं. चार महिन्यांची धूळ असेल म्हणून तिने डोक्याला रुमाल बांधला होता, पण टेबल स्वच्छ होतं. त्यावर फळ्या होत्या, पट्टा आवळलेला. धाकटीने तिकडे बघायचं टाळलं. आधी काढा घेऊ, मग कपाटाला हात घालू, असं म्हणत तिने शेगडी पेटवली, पानं उकळायला टाकली आणि कप ठेवायला जागा व्हावी म्हणून फळ्या जरा बाजूला सारल्या.

लाकूड कोमट होतं. कुणीतरी बराच वेळ हात टेकून बसावं आणि नुकतंच उठावं, तसं.

आणि मग त्या चोंदलेल्या नाकात वास आला. झाडं चिकटवायच्या खळीचा, ओल्या मातीचा, तुटलेल्या गवताचा. ताईच्या हातांचा वास. या हातांनी तिची वेणी घातली होती. तो वास अगदी मानेजवळून येत होता.

"ताई…?" ती हळूच म्हणाली.

मागच्या अंगणात आवाज झाला. टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्. लाकडी चिमटा तारेवर बसल्याचा आवाज. ती खिडकीशी गेली. धुक्यात तार अर्धीच दिसत होती. तारेवर टीपकागद ओळीने लटकत होते. वाऱ्याचा मागमूस नव्हता. सगळे कागद स्थिर होते, फक्त शेवटचा हलत होता.

ती टेबलाशी येऊन बसली, काढा गाळून कपात ओतला आणि दोन्ही हातांनी कप धरला. गरम काहीतरी पोटात गेलं की बरं वाटेल. कप ओठाला लागला, तोच फळ्यांचा पट्टा सुटला. ओढून ठेवलेलं टोक आपोआप मागे सरकलं, बक्कल टेबलावर आपटलं आणि वरची फळी घसरली.

वरच्याच कागदावर ताजं झाड होतं. झिरझिरीत पानं, पांढरी छत्री, मुळांना ओली माती. देठावरच्या जांभळ्या डागांभोवती पेन्सिलीने गोल काढले होते. खाली नेहमीसारखी चिठ्ठी, ताईच्या गोलसर अक्षरात. वर आजची तारीख, आणि मग:

'बडीशेप नव्हे. देठावर डाग. मूळ, पान, बी, सगळं विषारी. भिंगरे, कप खाली ठेव.'

तिने कप खाली ठेवला. ओट्यावर उरलेले देठ उजेडात धरले. जांभळे डाग होते, थेट मुळाकडच्या टोकापर्यंत. तिने तोंड तीनदा धुतलं, काढा मोरीत ओतला, भांडं घासलं आणि पुन्हा घासलं. मग तिथेच जमिनीवर बसून ती रडली. चार महिन्यांचं सगळं रडली, नाक-डोळे एक होईपर्यंत.

"टाकलं गं," ती म्हणाली. "एक थेंब गेला नाही पोटात. आता रागवू नकोस."

मागचा टक् टक् आवाज थांबला. मानेजवळचा वासही हळूहळू गेला.

बऱ्याच वेळाने तिने फळ्या परत लावायला घेतल्या, तेव्हा त्या झाडाखाली आणखी एक कागद दिसला. त्यावर झाड नव्हतं. फक्त चिठ्ठी चिकटवलेली होती. ठिकाण: कुरण, विहिरीकडची बाजू. गोळा करणाऱ्याच्या नावापुढे ताई आयुष्यभर स्वतःचं नाव लिहीत आली होती. इथे लिहिलं होतं: 'दोघी'. दिवस आणि महिना भरलेला होता. सालाचे पहिले दोन आकडे होते, पुढे दोन टिंबं.

संध्याकाळची बस तिने सोडून दिली. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या बाईंनी कपाट गाडीत चढवलं. फळ्यांकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "त्या?"

"त्या घरच्या आहेत," भिंगरी म्हणाली.

याला आता नऊ वर्षं झाली. फळ्या तिच्या दुकानात शिलाई मशीनखाली असतात. चिठ्ठीवरचा तो दिवस दर वर्षी येतो. त्या दिवशी ती दुकान उघडत नाही, कुरणाच्या बाजूला जात नाही, आणि का, ते नवऱ्यालाही सांगत नाही. मात्र सकाळी न्हाते, धुवट कपडे घालते आणि नीट वेणी घालते.

गेल्या आठवड्यात तिने पट्टा सोडून तो कागद पाहिला. कागद कोराच होता, पण चिठ्ठीवर पहिल्या टिंबाच्या जागी तिसरा आकडा आला होता, गोलसर, ताईच्या वळणाचा. तिने त्यावर बोट ठेवलं. बोटाला शाई लागली.