वक्ता तीन

ताईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं, म्हणून त्या दुपारी बाबांजवळ मी बसले. काम तेवढंच होतं. शिवाय एक काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं. ताईच्या फोनमधल्या सगळ्या नोंदी जुन्या अ‍ॅपमधून नव्यात हलवायच्या.

पक्षाघाताचा झटका आल्यापासून बाबा अंथरुणावर होते. वाचा गेली होती, कूससुद्धा ताईच बदलायची. बाबांनी किती घेतलं, ताप आहे का, पाठीची जखम कशी आहे, हे ती हातातलं काम न सोडता फोनला तोंडी सांगायची आणि अ‍ॅप ते लिहून घ्यायचं. दुसऱ्या गावात बसून मी ते वाचायचे आणि खाली एक अंगठा टाकायचे. माझी सेवा ती एवढीच. नव्या अ‍ॅपचं खूळही माझंच.

"छोटे, माझं काही घालवू नकोस हं त्यातलं," चपला शोधत ताई म्हणाली.

"तू जा गं निवांत. तू येईस्तोवर होईल सगळं."

"आणि बाबांशी बोलत राहा. कळत काही नाही म्हणतात डॉक्टर. मी आपली बोलते."

फोन माझ्या हातात देऊन ती गेली.

खोलीत पडदे ओढलेले होते. पावडरचा वास, जंतुनाशकाचा वास, आणि त्या दोन्हींना न दबणारा तिसरा, आंबूस. हवेच्या गादीचा पंप एका सुरात घुमत होता. गादीतली हवेच्या कप्प्यांची एक रांग फुगायची, शेजारची बसायची, आणि बाबांचं शरीर त्याबरोबर किंचित हलायचं. नुसतं बघितलं तर वाटावं, आपणहून हलले.

नोंदी क्लाउडवर चढायच्या आणि तिथून नव्या अ‍ॅपमध्ये उतरायच्या. पण गोगलगाय परवडली! पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहायचं, मध्येच एखादी नोंद टपकायची. प्रत्येक नोंदीबरोबर ताईच्या बोलण्याचं मूळ रेकॉर्डिंग होतं. नवं अ‍ॅप ते पुन्हा ऐकायचं आणि जो जो बोलला असेल त्याचं बोलणं वेगळं मांडायचं, वक्ता १, वक्ता २ असं. हीच सोय बघून मी ते निवडलं होतं.

आधी आल्या त्या ओळखीच्या नोंदी. ताप नाही, सूप अर्धी वाटी. मग अशा यायला लागल्या, ज्या ताईनं मला कधी दाखवल्याच नव्हत्या. फोन तिथेच पालथा ठेवायला हवा होता. मी वाचत राहिले.

वक्ता १: आज छोटी येऊन गेली. बाबांचा हात हातात घेऊन फोटो काढला. मग जाऊन साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत.

माझे कान तापले. तो फोटो मी सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता.

त्याखाली आणखी एक ओळ उतरली.

वक्ता २: राहू दे. लहान आहे ती.

कोण असेल? पट्टी बदलायला येणारी नर्स असेल, असं मी स्वतःला समजावलं. पुढची नोंद आली.

वक्ता १: चादर पुन्हा ओली. आत्ताच बदलली होती.

वक्ता २: चुकलं माझं. किती धुशील, बाई.

ताईला 'बाई' म्हणणारा माणूस जगात एकच होता. मी रेकॉर्डिंग लावून फोन कानाशी धरला. ताईचा आवाज, बादलीत कापड पिळल्याचा आवाज, मग नुसता पंप. त्या घुमण्यात एक अक्षर नव्हतं. अ‍ॅपनं ते वाक्य जिथून उचललं होतं तिथेही नुसता पंपच होता.

"बाबा..." मी म्हणाले. "तुम्हाला... कळतं?"

ते छताकडे बघत होते. डोळ्याच्या कडेला पाणी होतं, पण ते नेहमीच असायचं. मला त्यांच्यासमोर बसवेना. मी दरवेळी आल्यावर त्यांच्या उशाशी उभं राहून मोठ्यानं काय काय बोलले होते! वास सहन होत नाही म्हणून, आता यात राहिलंय काय म्हणून. वाटलं, खुर्चीसकट जमिनीत जावं.

पुढची नोंद फार वेळ अडकली. चक्र फिरत होतं. मग एकेक ओळ उतरू लागली.

वक्ता १: सुटले तर बरं होईल. तेही, आणि मीही.

वक्ता ३: दोघंही?

वक्ता २: नाही. ती नाही. मला एकट्याला ने.

वक्ता ३: तिनं म्हणायला हवं.

वक्ता १: काय बोलून गेले मी हे... झोपा बाबा, झोपा.

ताईचा फोन माझ्याकडेच, तिला विचारायचं तरी कसं? मी दाराकडे बघत बसून राहिले. ती आली तेव्हा डोळ्यांत औषध घातल्यामुळे चाचपडतच आत आली.

"झालं का गं तुझं ते?"

"ताई, मी आता इथेच राहते. तू जा थोडे दिवस. कुठेही जा."

ती थबकली. हळूच म्हणाली, "तुला कुणी काही बोललं का?"

"नाही," मी म्हणाले. मान वर करायची हिंमत होईना.

ती वळली. बादलीतला टॉवेल उचलून पिळायला लागली, पाणी संपलं तरी पिळत राहिली.

ताई तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीकडे गेली. मी कूस बदलायला शिकले, जखम धुवायला शिकले. त्या खोलीत जपून बोलायचे. बाबांशी गोड तेवढंच. माझ्या फोनमध्येही तेच अ‍ॅप होतं, त्याचा माइक बंद करून ठेवला होता. मला वाटलं, एवढं पुरे.

मग एका दुपारी नुकतीच घातलेली चादर पुन्हा ओली झाली. कंबर धरली होती, हाताला तो वास चिकटला होता. मी अवाक्षर काढलं नाही. शपथेवर सांगते, नुसतं मनात आलं.

कपाटावर फोन उजळला. नवी नोंद. रेकॉर्डिंग नाही.

वक्ता १: संपू दे हे एकदाचं.

माझेच शब्द, जसेच्या तसे. त्याखाली चक्र फिरत राहिलं. नको, नको, असं मला मोठ्यानं म्हणायचं होतं, पण त्याआधीच ओळ उतरली.

वक्ता ३: बरं.

मी पलंगाकडे वळले. ज्यांना बोटही हलवता येत नव्हतं ते बाबा पार भिंतीला सरकले होते. त्यांच्या अलीकडे, कडेला, एका माणसाला टेकता येईल एवढी जागा मोकळी झाली होती. तिथे गादी खोल दबली होती. पंप जिवाच्या आकांतानं घुमत होता, आणि तेवढी रांग काही केल्या फुगत नव्हती.