सहा सेकंदांची शांतता

सांगलीला समुद्र नाही आणि त्याबद्दल सांगलीकरांची काही तक्रारही नाही. तरी विश्रामबागेत भडंगाच्या दुकानावरच्या मजल्यावर 'सागरसफर'चं कार्यालय जोरात चाललं होतं. गुरुवारी सकाळी अकरा वाजता तिथल्या तीन काचेच्या खोल्यांसमोर रांग लागली होती. या खोल्यांना सगळे कानखोल्या म्हणत.

पूर्वी लोक समुद्राखालच्या सुट्टीसाठी रिसॉर्ट निवडायचे ते फोटो बघून. पण खोटे फोटो बनवणं हा डाव्या हातचा मळ झाला. मेलेल्या पांढऱ्या प्रवाळावर रंगीत मासे सोडणं कुणालाही जमू लागलं आणि तीन-तीन विमानं बदलून गेलेली माणसं गढूळ पाण्यात डुंबून, हात हलवत परत येऊ लागली. तेव्हा नियम झाला. ज्याला स्कूबासाठी गिऱ्हाईक हवं, त्याने आपल्या प्रवाळखडकाजवळ पाण्यात आवाज टिपणारा कान बसवायचा आणि तिथला आवाज थेट, त्या घटकेचा, ऐकवायचा. त्या आवाजावर उपग्रहाचा शिक्का असे. तो खोटा करायची विद्या अजून तरी कुणाला साधली नव्हती.

जिवंत खडक मोठा बडबड्या असतो. बोटभर कोळंब्या नांग्या आपटतात, मासे दातांनी प्रवाळ खरवडतात, कुणी गुरगुरतं, कुणी कुरकुरतं. सगळं मिळून कढईत मोहरी तडतडावी तसं ऐकू येतं. मेलेला खडक गप्प असतो. हा फरक कळायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही.

हेमांगी तोडणकरला तर तो झोपेतसुद्धा कळला असता. तिची उमेदीची वर्षं पाण्याखालचे आवाज टिपण्यात गेली होती. आता ती त्रेसष्ट वर्षांची होती आणि रांगेत एकटी होती. पुढे एक नवं जोडपं होतं, मागे कोल्हापूरच्या गुजरीतल्या सराफांचा सात जणांचा घोळका. अर्जावरच्या 'सोबत कोण' या रकान्यात तिने आडवी रेघ मारली. ती रेघ मारताना तिला वाईट वाटलं, पण बाई असल्या गोष्टी चेहऱ्यावर दाखवणाऱ्यांतल्या नव्हत्या.

घाईचं कारण साधं होतं. डॉक्टरांनी फुप्फुसं तपासून पाण्यात उतरायला वर्षभराची परवानगी दिली होती आणि पुढच्या वर्षी मागायला येऊ नका, असंही हसत हसत सांगितलं होतं. म्हणजे ही शेवटची खेप. अकरा वर्षांत तिने समुद्राचं तोंड पाहिलं नव्हतं. एकदाच जायचं, तर निदान धड ठिकाणी जावं, एवढाच तिचा विचार होता.

"या काकू, बसा," तेजस मगदूम म्हणाला. कार्यालय त्याचंच. तिशीचा, गोल चेहऱ्याचा, गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय न सोडणारा. "मालदीवपासनं सुरू करूया. लई गोड खडक आहे बघा."

तिने आवाज ऐकायचा कानटोप चढवला. मोहरी तडतडली. अकरा वर्षांनी ती तो आवाज ऐकत होती. कोळंब्या भरपूर, पोपटमासे भरपूर, तब्येत उत्तम. ती डोळे मिटून ऐकत राहिली. तेवढ्यात टक असा आवाज आला आणि पाठोपाठ टकटक. मग सगळा खडक गप्प झाला, आणि थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यासारखा तडतडू लागला.

तिने कानटोप काढला. "बाहेरून काच कुणी वाजवली?"

"कुणी नाही की हो," मगदूम म्हणाला.

दुसऱ्या कानखोलीत फिलिपिन्सचा एक खडक होता. दहा मिनिटांत तिथेही तेच ऐकू आलं. एक ठोका, जरा थांबून जोडठोका, मग शांतता. या वेळी तिने सेकंद मोजले. सहा भरले. तिसरा खडक अंदमानातल्या एका बेटाचा, 'मुरुडशेंग' नावाच्या रिसॉर्टचा. तिथेही एक ठोका, जोडठोका आणि सहा सेकंद. तो ठोका कुणाचा हे हेमांगीला आता कळलं होतं.

तो जीवनचा होता, तिच्या नवऱ्याचा.

जीवन तोडणकर मालवणचा. जन्माने दर्यावर्दी, धंद्याने पाहुण्यांना समुद्राचा तळ दाखवणारा. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून सोबत्याचं लक्ष वेधायला पाठीवरच्या सिलिंडरवर काहीतरी आपटायची रीत असते. जीवन त्यासाठी कमरेला होडीची जुनी पितळी कडी बांधायचा. प्रत्येकाची वाजवायची लकब वेगळी. याची एक ठोका आणि मग जोडठोका, अर्थ 'हेमा, हंयसर बघ', इकडे बघ.

आणि हेमांगीची रीत अशी, की यंत्र चालू असताना वळायचं नाही. हालचाल केली की पाणी खळबळतं आणि आवाज बिघडतो. लग्नानंतर पाच वर्षं दोघांनी हा नियम पाळला. यंत्र चालू असेल तेव्हा जीवन दगडासारखा स्वस्थ राहायचा. फक्त एकदा, मालवणच्या पश्चिमेच्या खडकावर, त्याने तो मोडला. ती मुकाट पालथी तरंगत होती आणि मागून टक, टकटक झालं. आसपासचे मासे दचकून गप्प झाले. ती वळली नाही. मागे न बघताच तिने पंजा दाखवला, थांब म्हणून. सहा सेकंदांनी खडक पुन्हा बोलू लागला.

वर होडीत आल्यावर तिने त्याला फैलावर घेतलं. "चाळीस मिनिटांचं काम मातीत घातलंस. काय होतं एवढं?"

"काय नाय गो," तो टॉवेलने डोकं पुसत म्हणाला. "आता गेला ता."

त्यानंतर जीवनने पाण्यात तिला कधी हाक मारली नाही. ती बघत असली तर बोटाने दाखवायचा, नसली तर एकटाच बघून पुढे जायचा. हळूहळू घरातही तसंच झालं. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. नुसतं बोलावणं बंद झालं होतं, आणि ते बंद झालंय हे तिच्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली. एकदा तिने विचारलं, "त्या दिवशी काय दाखवत होतास रे?" तो म्हणाला, "खयच्या दिवशी?" तो खरंच विसरला होता की नाही, कोण जाणे. अकरा वर्षांपूर्वी दुपारच्या झोपेत त्याचं हृदय बंद पडलं. ती तेव्हा शेजारच्या खोलीत कानाला यंत्र लावून जुनी रेकॉर्डिंगं तपासत बसली होती. त्याने हाक मारली होती का, हे तिला कधीच कळणार नव्हतं.

"काकू, पाणी देऊ का?" मगदूमने विचारलं. तिचा चेहरा बघून तो घाबरला होता.

"हा टकटक आवाज कसला आहे?"

"अच्छा, तो होय." मगदूमला हायसं वाटलं. हा प्रश्न त्याच्या रोजच्या ओळखीचा होता. "ते नादरोपणाचं आहे. म्हणजे बघा, पंचवीस वर्षांमागं उन्हाळ्यानं खडकच्या खडक मेले, ठाऊक असेल तुम्हाला. तर प्रवाळाची आणि माशांची पिल्लं असतात ना पाण्यात वाहणारी, ती आवाज ऐकून घर शोधतात. जिथं गजबज, तिथं वस्ती. मग शास्त्रज्ञांनी मेलेल्या खडकांपाशी भोंगे लावून जिवंत खडकाचा आवाज वाजवला. पिल्लं फसली, येऊन राहिली. खडक खरंच जिवंत झाले."

"ते मला माहीत आहे. पण हा ठोका?"

"ज्या रेकॉर्डिंगला सगळ्यांत जास्त पिल्लं आली, त्यातच तो होता म्हणे. कुठल्यातरी आपल्याकडच्याच, नंतर मेलेल्या खडकाचं आहे ते. ठोका काढून साफ करून पण वाजवलं, तर पिल्लं येईनात. का ते कुणाला कळलं नाही. शेवटी तसंच जगभर वाजवलं."

हेमांगीला आठवलं. पश्चिमेचा खडक मेल्यावर तिने तिथलं आपलं सगळं काम एका संस्थेला देऊन टाकलं होतं. त्या खडकाचं सलग आवाज असलेलं एकच रेकॉर्डिंग उरलं होतं, तेच बिघडलेलं. पाकिटावर तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: सव्विसाव्या मिनिटाचा खटका काढून टाकावा.

"म्हणजे भोंगे अजून वाजतात," ती म्हणाली.

"छे हो! भोंगे काढून आठ वर्षं झाली. आता ते मासेच वाजवतात."

"मासे?"

"दात आपटून. भोंगा ऐकत वाढले ना पिढ्यान्‌पिढ्या, त्यांना वाटलं खडकावर असंच बोलायचं असतं. एक जण टक करतो, दुसरा टकटक. आणि मग सगळे गप्प, कोळंब्यासुद्धा. कशाची वाट बघतात देव जाणे."

हेमांगीला ठाऊक होतं. मालदीवपासून फिलिपिन्सपर्यंत कोट्यवधी मासे तिला बोलावत होते आणि तिने वळावं म्हणून सहा सेकंद वाट बघून पुन्हा आपापल्या कामाला लागत होते. तिला हसू आलं नाही.

मगदूमला तिचं गप्प बसणं म्हणजे नापसंती वाटली. धंद्यातल्या माणसाची ही हमखास चूक. "आवडली नसेल टकटक तर पापुआकडचा एक अस्सल खडक आहे. कधी मेलाच नाही, म्हणून नादरोपण नाही. आपोआप जगलेला." त्याने चौथा आवाज लावला. खडक दांडगा होता, ऐकताना कान तृप्त व्हावेत असा. हेमांगीने पंधरा मिनिटं ऐकलं. मोहरी तडतडत राहिली. तिला तिथे कुणीच बोलावत नव्हतं. कानटोप काढताना तिला इतकं एकटं वाटलं, की तिने चहाचा कप उगाच दोन्ही हातांत धरला.

"अंदमानातल्या त्या खडकावर कुणी उत्तर दिलं तर काय होतं?" तिने विचारलं.

"उत्तर?"

"त्या सहा सेकंदांत कुणी सिलिंडर वाजवला तर."

मगदूम खुर्ची पुढे ओढून बसला. "तुम्ही बरोबर विचारलंत बघा. मागच्या पावसाळ्याआधी तिथं होडी बांधायची साखळी दुरुस्त करत होते. कामगारानं घण मारला तो नेमका त्या शांततेत. तर म्हणे दक्षिण टोकाचे सगळे मासे त्याच्याभोवती गोळा झाले. अर्धा तास हलेनात. आणि त्या दिवसापासनं दक्षिण टोकाला टकटक बंद. एकदम बंद! बाकी सगळं झकास. मासे आहेत, प्रवाळ आहे, फक्त ते वाजवणं सोडून दिलं."

"का?"

"शास्त्रज्ञ भांडतायत अजून. माझी आई म्हणते, हाक पोचली, आता कशाला मारतील?" तो हसला. "रिसॉर्टवाल्यांना आयतंच सापडलं. पाहुणे तक्रार करतात ना टकटकीची. म्हणून या हंगामापासनं प्रत्येक पाहुण्याला दांडी देणार, वाजवा म्हणून. आता उत्तर टोक तेवढं राहिलंय. मालदीववाले पण तेच करणार आहेत. दोन वर्षांत सगळीकडं बंद होईल बघा."

हेमांगीच्या डोळ्यांसमोर सराफांचा सात जणांचा घोळका आला. हातात दांड्या, सुट्टीचा उत्साह, आणि जीवनच्या हाकेला 'ओ' देणारी ती परकी माणसं. त्यांच्या भाबड्या ठणठणाटावर मासे समाधान मानतील आणि गप्प होतील. तिच्यासाठी मारलेली हाक दुसऱ्याच कुणाकडे पोचेल. आयुष्यात एवढी घाई तिला कधी झाली नव्हती.

"अंदमान. उत्तर टोक," ती म्हणाली. "हंगामातला पहिला दिवस. कुणी उतरायच्या आधी, पहाटेच."

"एकट्या?" मगदूम अडखळला. "नियमानं एक गाईड बरोबर राहील, काकू. एकट्याला पाण्यात सोडत नाहीत."

"राहू दे. त्याला माझ्या मागे थांबायला सांगा, आणि काहीही झालं तरी वाजवू नकोस म्हणावं."

त्याने भराभर सगळं नोंदवलं. विमान, बोट, खोली, सूटचं माप, पायातल्या वल्ह्यांचं माप. मग पडद्यावरून मान वर न करता त्याने शेवटचा प्रश्न विचारला. "दांडी घालू ना सामानात?"

खाली भडंगाला फोडणी बसली होती आणि जिन्यातून लसणीचा वास वर येत होता. दांडी घेतली नाही, तर ती तिथे जाऊन नुसती ऐकेल. पाठीमागून जीवन तिला बोलावत राहील, निदान बाकीचे पाहुणे येईपर्यंत. दांडी घेतली, तर अठ्ठावीस वर्षांनी ती वळेल, वाजवेल, आणि भोवती गोळा झालेल्या त्या इवल्या माशांना सांगेल, की आले रे, दाखव काय दाखवायचंय ते.

"घाला," ती म्हणाली.

मगदूमने खूण केली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. हेमांगी जिना उतरू लागली. हाक पोचली की मासे टकटक कायमची सोडतात, असं तो म्हणाला होता. मग ती वळल्यावर, समोर दाखवायला कुणीच नसताना, टकटक बंद झालेल्या त्या पाण्यात ती कुणाचा आवाज ऐकणार होती?