जादाची किल्ली

हातात कचऱ्याची पिशवी, पायात घरातल्या सपाता, केसांचा कसाबसा बांधलेला बुचडा — आणि पाठीमागे दार धाडकन बंद! या परक्या देशात येऊन तिला जेमतेम चार दिवस झाले होते. इथली दारं ओढली की आपोआप लागतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. किल्ली आत खिळ्यावर. फोन तेवढा नशिबाने खिशात होता, म्हणून जिन्याजवळच्या पाटीवरचा नंबर तरी लावता आला.

"देवा, आता कुठे तोंड दाखवू!" दारावर कपाळ टेकून ती पुटपुटली.

"काय म्हणालात?" मागून कुणीतरी इथल्या भाषेत विचारलं.

कुलूपवाला आला होता. उंच, जरासा वाकून चालणारा, खांद्याला हत्यारांची पिशवी. तिने झटकन केस मागे सारले. का सारले, कुणास ठाऊक. त्याने कुलपात एक बारीक सळी घातली, कान लावला, हलकेच फिरवलं... अर्ध्या मिनिटात दार उघडलं.

"एक जादाची किल्ली करून घ्या," तो म्हणाला, "आणि विश्वासाच्या माणसाकडे ठेवा."

"माझं इथे कुणीच नाही हो," ती बोलून गेली आणि लगेच कानकोंडी झाली. "म्हणजे... नवीन आहे मी. कोपऱ्यावरच्या भाषाशाळेत मराठी शिकवायला आलेय."

"मराठी," त्याने तो शब्द जपून म्हणून पाहिला. जिना उतरताना त्याने दोनदा मागे वळून पाहिलं. आता हे तिला कसं कळलं म्हणाल, तर तीही दारातच उभी होती!

पुढच्या मंगळवारी संध्याकाळी तिचा पहिला वर्ग. विद्यार्थी मोजून आठ. कुणाचं लग्न मराठी घरात ठरलेलं, कुणाला सूनबाईशी बोलायचं होतं, आणि एक निवृत्त नर्स बाई तर नुसतीच हौस म्हणून आलेल्या. आणि शेवटच्या बाकावर... कुलूपवाला! तुम्हाला मराठी कशाला शिकायची, असं तिने प्रत्येकाला विचारलं. स्वारीने गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "कामासाठी." कुलपाला मराठी कशाला लागते, हे विचारायचं तिच्या जिभेवर आलं होतं. पण तो हसला आणि ती पुढचा धडा विसरली.

चार महिने असे गेले. मधल्या सुट्टीत तो तिच्यासाठी यंत्रातली कॉफी घेऊन यायचा. "बाई, गरम आहे. जपून धरा." मग सुट्टी संपेपर्यंत त्याच्या गोष्टी. कधी तिजोरीत चुकून स्वतःची किल्ली ठेवलेला सावकार, कधी नवऱ्यावर रागावून आतून कडी घातलेली म्हातारी. चुकतमाकत, हातवारे करत, पण सगळं मराठीत! त्याच्या बोटांना लोखंडाचा वास यायचा. तो वास तिला आवडायला लागला होता आणि त्याचाच तिला राग येत होता.

"वन्सं, हा कुलूपवाला दर फोनला कसा येतो हो तुमच्या बोलण्यात?" घरून वहिनीने एकदा बरोब्बर पकडलंच.

"विद्यार्थी आहे माझा."

"हो का? मग बाकीच्या सात जणांबद्दल एक अक्षर नाही ते!"

तिने फोन ठेवला खरा, पण गाल बराच वेळ तापलेलेच राहिले.

आणि मग परीक्षा झाली. नर्स बाई लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेल्या, त्यामुळे त्या गैरहजर. सहा जण पास. आणि कुलूपवाल्याची उत्तरपत्रिका... कोरी. वर फक्त नाव, तेही देखण्या अक्षरात.

प्राचार्यांनी तिला बोलावून शांतपणे सांगितलं, "नियम तुम्हाला ठाऊक आहे. आठपैकी सात पास झाले तरच करार पुढे वाढतो. शनिवारी फेरपरीक्षा आहे. नर्स बाई काही येत नाहीत. तेव्हा तुमचा हा एक विद्यार्थी काय करतो, ते बघा."

तिचं डोकं चालेना. आदल्याच मंगळवारी त्या माणसाने तिला अख्खी तिजोरीची गोष्ट सांगितली होती! मग हे काय? आपल्याला शिकवता येत नाही? की तो आपली थट्टा करतोय? आईला फोन केला तर ती म्हणाली, "जमत नसेल तर ये गं परत. तुझी खोली झाडून ठेवलीय." चार महिन्यांपूर्वी हे ऐकून ती तडक निघाली असती. आज मात्र परत जाणं नको वाटलं. नोकरी जाईल म्हणून, की मंगळवारची ती कॉफी जाईल म्हणून? नीट सांगता येईना, आणि स्वतःला विचारायचीही भीती वाटत होती.

दुपारी ती त्याच्या दुकानात जाऊन धडकली. बोळकांडीएवढं दुकान, भिंतभर टांगलेल्या किल्ल्या. तिने कोरी उत्तरपत्रिका त्याच्यापुढे आपटली.

"हे काय आहे?"

"परीक्षा... अवघड होती, बाई."

"'तुमच्या शेजाऱ्याविषयी पाच वाक्यं लिहा', हे अवघड? तुम्ही शेजाऱ्यांवर तासभर बोलता!"

तो घासत असलेली किल्ली बाजूला ठेवून हात पुसत राहिला. मग खाली बघतच म्हणाला, "पास झालो की दुसऱ्या वर्गात जायचं. दुसरा वर्ग मिशीवाले सर घेतात. सोमवारी."

"मग?"

"मग मंगळवारी तुम्ही कुठे दिसणार?"

म्हणजे... म्हणजे हा माणूस मुद्दाम...?

"अहो शहाणे!" तिला हसू फुटत होतं आणि डोळेही भरून येत होते. "तुम्ही नापास झालात तर मलाच इथून जावं लागेल! करार संपतो माझा!"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "हे मला कुणी सांगितलं नाही."

"मी कुणालाच सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती."

"शनिवारी पास होतो," तो घाईघाईने म्हणाला. मग जरा थांबून, "बाई, एक विचारू? पहिल्या दिवशी तुम्ही दारावर डोकं टेकून काहीतरी बोललात. ते कळलं नाही म्हणून मी शिकायला आलो. आता ते कळतं. पण तुमच्या मनात काय आहे ते कळत नाही. मला तुम्ही आवडता. तुम्हाला मी...?"

तिने कोरी उत्तरपत्रिका छातीशी धरली आणि चक्क पळून गेली! अर्ध्या रस्त्यात आल्यावर तिला कळलं की आपण उलट्या दिशेने चाललोय.

शनिवारी परीक्षा मिशीवाल्या सरांनी घेतली. पाच वाक्यांच्या जागी त्याने दोन पानं लिहिली आणि तो पैकीच्या पैकी गुणांनी पास झाला. तिचा करार वाढला. तो मात्र तिच्याकडे नुसता मान हलवून निघून गेला. उत्तर मागितलं नाही. आता मंगळवारच्या कॉफीचं निमित्तही उरलं नव्हतं.

रविवारी सकाळी त्याचा फोन वाजला.

"दार लागलंय," तिचा आवाज आला. "याल?"

तो धापा टाकत तीन मजले चढून आला. ती पायरीवर बसली होती. सपाता त्याच, पण केस नीट विंचरलेले.

"परत विसरलात, बाई?"

"नाही. मुद्दाम ओढून घेतलं." तिने मूठ उघडली. तळहातावर नवी कोरी किल्ली चमकत होती. "ही जादाची आहे. विश्वासाच्या माणसाकडे ठेवायची, तुम्हीच म्हणाला होतात ना?"

त्याने किल्ली घेतली. मग ती उजेडात धरून पाहिली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"ही कुणाकडून करून घेतलीत?"

"पलीकडच्या गल्लीतल्या..."

"त्याच्याकडून?"

"मग काय तुमच्याकडे येऊ? आधीच कळलं नसतं तुम्हाला?"

त्याने किल्ली कुलपात घातली. फिरेना. पुन्हा घातली. ढिम्म हलेना.

"दात नीट घासलेले नाहीत. खरी किल्ली कुठे आहे?"

"आत," ती बारीक आवाजात म्हणाली. "खिळ्यावर."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि मग जिनाभर हसले. हसता हसता तिने त्याचा हात धरला. लोखंडाचा वास असलेला, गरम. या वेळी का धरला, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"घाई आहे?" त्याने हळूच विचारलं.

"छे. रविवार आहे."

मग त्याने पिशवीतून सळी काढली आणि कुलपाला कान लावला. पहिल्या वेळी त्याला अर्धं मिनिट लागलं होतं. आज त्याने चांगला तासभर लावला.