पाइपाचं दुसरं टोक

मोहाचे दिवस लागले की आंबागडच्या बाजूला मजूर मिळणं म्हणजे उंबराचं फूल मिळणं. पहाट फुटायच्या आत सारं गाव फुलं वेचायला टोपल्या घेऊन झाडाखाली. टिकाराम मिस्त्रीला हे काय ठाऊक नव्हतं? तरी त्यानं हाताखालच्या कमलेशवर भरवसा ठेवला, आणि कमलेशनं करायचं तेच केलं. टिकाराम मोहाडीहून मोटारसायकल हाणत कामावर पोचला तेव्हा फोन आला.

"मिस्त्री, आज नाही जमत जी. मोहा लय पडून राहिला."

"बरं," टिकाराम म्हणाला. रागवावं असंही त्याला वाटलं नाही.

घर मधुकररावांचं होतं. तुमसरचे धान्याचे व्यापारी, त्यांना निवांत जागा हवी होती, म्हणून किल्ल्याच्या डोंगराखाली गावापासून लांब बांधायला काढलेलं. मागच्या भिंतीला जंगल टेकलेलं. स्लॅब टाकून झाला होता, विटांच्या भिंती उघड्या होत्या, दारं-खिडक्यांच्या जागी नुसती भोकं. फरशी बसवायच्या आधी सगळ्या खोल्यांत एकाच उंचीवर खुणा करायच्या होत्या. त्यासाठी लेव्हल पाइप.

ज्यानं तो पाहिला नाही त्याला सांगायला हवं. बोटाएवढा जाड, आरपार दिसणारा लांबलचक पाइप, त्यात नीळ घातलेलं पाणी. एक टोक या भिंतीशी, एक त्या. मधे कितीही खोल्या येऊ द्या, दोन्ही टोकांतलं पाणी एकाच उंचीला उभं राहतं. आता लाल रेघ मारणारी यंत्रं आली आहेत, पण टिकारामचा विश्वास पाण्यावर. पाणी खोटं बोलत नाही, असं तो म्हणायचा.

मात्र हे काम दोघांचं. एक जण पहिल्या खुणेपाशी आपलं टोक धरून उभा राहतो. दुसरा आपलं टोक घेऊन खोल्याखोल्यांत फिरतो आणि पहिला सांगेल तसं वर-खाली करतो. पाणी खुणेला लागलं की पहिला 'बस' म्हणतो आणि दुसरा भिंतीवर पेन्सिल ओढतो. वीस वर्षं पहिला म्हणजे श्रावण आणि दुसरा म्हणजे टिकाराम. मधे भिंती असायच्या, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. आवाज तेवढा यायचा. 'जरासं वर... अजून जरासं... बस.' डबा अर्धा अर्धा, बिडीसुद्धा अर्धी अर्धी. लोक म्हणायचे, यांच्या बायकांनी एकमेकींना सवत म्हणावं.

गेल्या वर्षी एकोडीत एका घराचं प्लास्टर चालू असताना परांचीची फळी मोडली आणि श्रावण वरून विटांच्या ढिगावर आला. मणका गेला. कमरेखाली त्याला काही कळेनासं झालं. नागपूरच्या दवाखान्यात, व्हरांड्यात बसलेल्या कलाबाईला, म्हणजे श्रावणच्या बायकोला, टिकाराम म्हणाला होता, "वहिनी, माहे पाय घेऊ दे देवाले. पण याले उभा करू दे." अशा वेळी माणूस असंच काहीबाही बोलतो. बोललेलं कुणी लिहून ठेवत नाही.

त्या दिवसापासून टिकारामच्या आत काही हललं नव्हतं. रडू आलं नाही, भूक मेली नाही, झोप उडाली नाही. सकाळी उठायचं, थापी घ्यायची, संध्याकाळी थापी धुवायची. दुखायचं तेवढं अंगच. सिमेंटनं बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या, मान आखडलेली, आणि उजवा गुडघा तर उकिडवं बसून बसून कामातून गेला होता. उठताना आत कट् वाजायचं आणि कळ थेट मांडीत चढायची. 'दुखते तोवर आपला आहे गड्या,' श्रावण म्हणायचा.

टिकारामनं व्हरांड्यातल्या खुणेशी पाइपाचं एक टोक खिळ्याला बांधलं आणि दुसरं घेऊन तो मागच्या खोलीत गेला. एकट्यानं करायचं म्हणजे टोक भिंतीला अडकवायचं, पुन्हा व्हरांड्यात येऊन पाणी बघायचं, पुन्हा आत जायचं. दोन भिंती करता करता दुपार डोक्यावर आली. जंगल गप्प झालं. मोहाचा गोड, जड वास खिडक्यांच्या भोकांतून आत येऊन बसला होता आणि त्याखाली ओल्या विटांचा वास. पानसुद्धा पडत नव्हतं.

त्यानं तिसऱ्या भिंतीला टोक लावलं.

"जरासं वर."

आवाज व्हरांड्यातून आला. हळू, थोडा घोगरा. टिकारामचा हात वर गेला. हाताला काय, वीस वर्षांची सवय.

"अजून जरासं... बस."

त्यानं रेघ ओढली. रेघ ओढून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं.

तो व्हरांड्यात आला. पाइपाचं टोक खिळ्याला होतं तसंच होतं. निळं पाणी केसभरही न हलता खुणेवर उभं होतं. अंगणात त्याची मोटारसायकल, वाळूचा ढीग, ढिगावर एकही पाऊल नाही. त्यानं स्वतःच्या छातीवर हात ठेवून पाहिला. धडधड नेहमीसारखीच होती. पळून जावं असं वाटायला हवं होतं, पण तेही वाटेना. तो आत गेला आणि त्यानं टोक पुढच्या भिंतीला लावलं.

"जरासं खाली... खाली... बस."

तशा तीन खोल्या झाल्या. ऊन उतरलं तसा आवाज यायचा थांबला. सामान आवरून तो मोटारसायकलवर बसला, तेव्हा त्याला कळलं की गुडघा दुखत नाही. किक मारली तरी नाही. कितीतरी वर्षांनी पाय हलका होता. मोहाडीपर्यंत तो जवळजवळ खुशीत गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं कमलेशला फोनच केला नाही.

दुपार होईपर्यंत तो नुसता बसून राहिला. मग मोहाचा वास जड झाला, जंगल गप्प झालं आणि त्यानं टोक हातात घेतलं. आवाज आला. आज जरा स्पष्ट होता, जवळचा होता.

"वर... अजून... बस."

स्वयंपाकघरातून मागच्या खोलीत जाताना दारात सेंट्रिंगची एक जुनी फळी आडवी पडली होती. टिकाराम तिच्यावरून गेला आणि फळी त्याच्याबरोबर निघाली. खट्, खट् असा आवाज येऊ लागला म्हणून त्यानं खाली पाहिलं. फळीतला गंजका खिळा चपलेतून उजव्या पायात शिरून वर आला होता. चप्पल लाल होत होती. तो बघत राहिला. दुखत नव्हतं. कुणा दुसऱ्याच्या पायाकडे बघावं तसं त्याला झालं.

त्याच वेळी व्हरांड्यात कुणीतरी कळवळलं.

"आई गं..."

दातांवर दात दाबून, माणूस खरंच दुखल्यावर कण्हतो तसं. टिकारामनं फळीवर दुसरा पाय देऊन खिळा उपसला, पायाला फडकं गुंडाळलं आणि तो व्हरांड्यात गेला. कुणी नव्हतं. पाइपातलं पाणी मात्र थरथरत होतं, हात कापावा तसं. मग तेही स्थिर झालं. टिकारामनं पाइप गुंडाळला, टोकं वर करून मोटारसायकलला अडकवला आणि उरलेलं काम तसंच टाकून तो निघाला. गावातल्या डॉक्टरानं धनुर्वाताचं इंजेक्शन टोचलं, जखम बांधली आणि विचारलं, दुखतं का. टिकाराम म्हणाला, नाही.

मोहाडीत पोचला तेव्हा दिवेलागण होत होती. तो स्वतःच्या घरी न जाता श्रावणकडे गेला.

कलाबाई दारातच होती. वर्षभरात पहिल्यांदा तिनं वेणी नीट घातली होती. देवापुढची ऊदबत्ती बाहेरपर्यंत वास देत होती.

"भाऊजी, बरे आले. मी तुमालेच फोन लावनार होती." तिचे डोळे भरून आले. "यायले दुखून राहिलं भाऊजी. पायाले दुखून राहिलं."

टिकाराम उभा राहिला.

"काल दुपारी म्हने, उजवा गुडघा ठनकते. मले वाटलं भास असन. यायचा गुडघा तर कधी दुखतच नव्हता. आज दुपारी झोपले होते, तर एकदम वरडले. पाय धरला. म्हने, खिळा गेला पायात. मी पाहिलं तर काहीच नाही. मंग मी सुई टोचून पाहिली..." तिला पुढं बोलवेना. पदर तोंडाशी नेऊन ती म्हणाली, "आंगठा हालवला जी त्यायनं. दवाखान्यात तुमी बोलले होते ना? तुमचं बोलनं आयकलं देवानं."

टिकारामनं बांधलेला पाय दुसऱ्या पायामागे घेतला. सांगावं की नाही, हा विचार त्याच्या डोक्यात आला आणि तिच्या वेणीपाशी येऊन थांबला. 

आत श्रावण खाटेवर पडला होता. गाल बसलेले, पण चेहऱ्यावर रंग होता. त्यानं मान वळवली.

"आला का बे?"

"हाव."

"किती खोल्या राहिल्या?"

"दोन."

"सांभाळून. मागच्या दारात फळी आहे. खिळ्याची."

टिकाराम खाटेशेजारच्या खुर्चीत बसला. त्यालाही उजवा पाय हातानं उचलून ठेवावा लागला.

"तू कधी पाहिलं ते घर?" त्यानं विचारलं.

"पाहिलं नाही. दुपारी डोळा लागते, तं सपनात काम करून राहतो." श्रावण हसला. "तू काही दिसत नाही. पाइप तेवढा दिसते. मी इकडून सांगतो, वर, खाली. लय बरं वाटते गड्या. उद्या जाजो. काम अर्धं नको ठेवू."

कलाबाई चहा ठेवून आली. येताना तिच्या हातात निळ्या पाण्याचा पाइप होता.

"गाडीले लटकवला होता. पोट्टे ओढतीन म्हनून आत आनला." पाणी सांडू नये म्हणून तिनं एक टोक खुर्चीच्या दांडीला, टिकारामच्या कोपराशी अडकवलं. दुसरं खाटेच्या कठड्याला लावू गेली, तर श्रावणनं हात पुढे करून ते मुठीत घेतलं. कितीतरी दिवसांनी भेटलेल्या वस्तूला धरावं तसं छातीशी धरलं आणि डोळे मिटले.

टिकारामनं सवयीनं पाहिलं. दोन्ही टोकांतलं पाणी एका रेषेत होतं.

श्रावणचा श्वास लांब झाला. त्याचा डोळा लागला. मग ओठ हलले.

"जरासं वर..."

टिकारामच्या घोट्यापाशी काहीतरी सुटलं. थंड नाही, गरम नाही. नुसतं सुटलं आणि पोटरीतून वर चढत गुडघ्यापाशी आलं. त्यानं पोटरीला चिमटा घेतला. पँटच्या आत जसा काही भुसा भरला होता.

"अजून जरासं..."

खाटेवर चादरीखाली श्रावणचा उजवा गुडघा हळूच उभा राहिला. कलाबाईनं ते पाहिलं. तिनं आवाज केला नाही. टिकारामकडे बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं. उठवू नका त्यांना, असं तिचे डोळे म्हणत होते. त्या डोळ्यांत एवढं सुख होतं की टिकाराम गप्प बसला.

बोललो होतो खरं, तो मनात म्हणाला. आणि हेही त्याला ठाऊक होतं की पाणी कधी एकाकडेच जात नाही. दोन्हीकडे सारखं झालं की थांबतं. अर्धं त्याचं, अर्धं माझं. दोघंही लंगडत कामावर जाऊ. चालेल. अर्ध्या बिडीवर भागलं, अर्ध्या पायावरही भागेल. वर्षभरात पहिल्यांदा त्याला रडू आलं.

त्यानं पाइपाकडे पाहिलं.

त्याच्या टोकातलं पाणी खाली गेलं होतं. पाइप कुठं फुटला नव्हता, जमिनीवर थेंब नव्हता, टोक दांडीला होतं तिथंच होतं. आणि श्रावणच्या मुठीतल्या टोकात निळं पाणी वीतभर वर चढलं होतं. इतक्या वर्षांच्या कामात टिकारामनं पाणी वाकडं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

श्रावणच्या मुठीतून पाइप सोडवावा, असं त्याला वाटलं. हात पोचेना. उठायला हवं होतं, आणि उठायला पाय लागतात.

"वर..." श्रावण झोपेत म्हणाला.

मांडी गेली. मग कंबर. दोन्ही बाजूंनी. कलाबाई खाटेशी वाकून चादरीखालच्या दुसऱ्या गुडघ्याकडे बघत होती. तिनं हात जोडले होते.

टिकाराम 'बस'ची वाट बघत राहिला. वीस वर्षांत श्रावणनं 'बस' म्हणायला कधी उशीर केला नव्हता. त्याच्या टोकातलं पाणी आणखी खाली गेलं, पाइपाच्या वळणात उतरलं आणि दिसेनासं झालं.

"अजून जरासं," श्रावण म्हणाला.