पुसलेलं टेबल

काम साधंच होतं. रुग्णालयाच्या संगणकातली एक क्वेरी, म्हणजे नोंदी साठवणारी आज्ञा, बिघडली होती. ती दुरुस्त करायची आणि चहाच्या वेळेपर्यंत घरी परतायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

प्रोग्रॅम मीच लिहिलेला. खाटेखालचं यंत्र रुग्णाचे श्वास मोजायचं आणि प्रत्येकाच्या नोंदी संगणकातल्या त्याच्या वेगळ्या टेबलात, म्हणजे तक्त्यात, जायच्या. क्वेरीत टेबलाचं नाव आधीपासून लिहिलेलं नसायचं. यंत्राकडून रुग्णाचा नंबर आला, की ती नाव तिथल्या तिथे जुळवायची आणि तसं टेबल नसेल तर नवं बनवायची. रुग्ण गेला, की प्रोग्रॅममधली एक ओळ चालवून मी टेबल पुसायचो.

घड्याळं दुरुस्त करणारे एक काका त्या आठवड्यात कोपऱ्यातल्या खाटेवर वारले होते. त्यांचं टेबल मी घरून पुसलं, ते परत आलं. पुन्हा पुसलं, पुन्हा आलं.

"यंत्र चालू राहिलं असेल," मी सिस्टरांना म्हणालो.

त्या मला खाटेपाशी घेऊन गेल्या. भर दुपार, पडदे उघडे. खाट रिकामी. यंत्राची वायर काढून नीट गुंडाळून ठेवलेली. गादीला मात्र घड्याळाच्या तेलाचा मंद वास येत होता.

मी लॅपटॉप उघडून नोंदी वाचल्या. आधी श्वास नियमित. मग संथ... आणखी संथ... मग शून्य. मी टेबल पुसलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग तेच नाव पुन्हा उमटलं आणि पहिली ओळ भरली.

श्वास नियमित होता.

"पुसू नका हो..." सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही पुसलंत, की ते पुन्हा पहिल्यापासून..."

"काय पहिल्यापासून?"

"मरतात."

त्यांनी बाही वर सरकवली. मनगटावर बोटांचे वळ होते.

"जाताना माझा हात धरला होता त्यांनी. आता दर वेळी धरतात."

माझ्या डोळ्यांदेखत ते वळ गडद होत गेले. स्क्रीनवर आकडे उतरत होते. सिस्टर खाटेच्या कडेवर टेकल्या आणि रिकाम्या चादरीकडे बघत हळू आवाजात म्हणाल्या, "आहे हो काका... इथेच आहे मी."

शेवटी शून्य आलं. सिस्टरांचा हात झटक्यात सुटून मांडीवर पडला.

मी टेबल पुसणारी ओळच प्रोग्रॅममधून काढून टाकली. काकांचं टेबल तसंच ठेवलं. त्यात पुन्हा एकही नोंद आली नाही. सिस्टरांचे वळ हळूहळू फिके झाले. सुटले बिचारे, असं आम्ही धरून चाललो.

पुढे त्या खाटेवर एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. मी यंत्र जोडायला गेलो, तेव्हा बाई खाटेच्या अगदी काठावर अंग चोरून पडल्या होत्या.

"बाई, पडाल ना! मध्ये झोपा की नीट," सिस्टर म्हणाल्या.

बाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे रागाने पाहिलं.

"मला काय सांगता? आधी या गृहस्थांना सांगा, जरा सरकून घ्या म्हणून."